सील बदलले, पुढे काय?

मंडळी, मोटारसायकलचे पुढचे चाक धरून ठेवणारे दोन पाय आपण रोज पाहतो. कंपनीच्या पुस्तकात त्यांना फोर्क म्हणतात, गॅरेजात शॉकअप. त्यांचे ऑइल सील गळू लागले की मेस्त्री नवे घालतो, आपण पैसे देतो आणि निघतो. माझे आजचे सांगणे एवढेच, की सील बसल्यानंतरही निम्मे काम उरलेले असते, आणि आपल्या घाईपायी नेमके तेच राहून जाते.

आधी आत काय असते ते पाहू. प्रत्येक पायात क्रोम केलेला एक चकचकीत पोलादी पाइप असतो. तो खालच्या नळकांड्यात, म्हणजे बॉटममध्ये, वर-खाली सरकतो. आत स्प्रिंग असते आणि ऑइल असते. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का झेलते. पण नुसती स्प्रिंग असती, तर एका खड्ड्यानंतर गाडी चेंडूसारखी उसळत राहिली असती. ऑइलला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, म्हणून ती उसळी शमते. बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आपल्या आर-१२ या गाडीला असा ऑइलचा फोर्क बसवला. आपल्या रस्त्यावरच्या साध्या गाड्या आजही त्याच तत्त्वावर चालतात.

बॉटमच्या तोंडाशी रबरी सील असते. त्याची पातळ कड पाइपवरचे ऑइल निपटून आत ठेवते. धूळ, चिखल आणि गंज हे तिचे वैरी. पाइपवर ऑइलचे ओले वर्तुळ दिसले, त्याला धूळ चिकटू लागली, ब्रेक लावताच गाडी नाक खुपसू लागली, की समजावे. हे ऑइल ओघळत डिस्क ब्रेकवर गेले, तर ब्रेक घसरतो. ऑइल प्यायलेले ब्रेक पॅड पुसून वापरू नयेत, ते बदलावेत. मागे मूल बसलेले असताना हे शंभर-दोनशे रुपये वाचवण्यात काही अर्थ नाही.

नवे सील घालण्यापूर्वी पाइपवरून नख फिरवून पाहावे. नख कुठे अडकले, तर तिथे गंजाचा खड्डा किंवा ओरखडा आहे. तसाच पाइप ठेवला, तर तो नव्या सीलचीही कड कापतो, आणि मग आपण सीलला नावे ठेवतो. वाकलेला पाइपही तेच करतो.

आता ऑइल. साध्या गाड्यांत एका पायात साधारण दीडशे ते दोनशे मिलिलिटर लागते. नेमका आकडा आणि ऑइलचा प्रकार त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो. तो पाहूनच भरावे, अंदाजाने ओतू नये. ऑइल कमी पडले, तर गाडी खड्ड्यात आपटते. जास्त झाले, तर वरच्या हवेला जागा उरत नाही. शॉकअप शेवटी शेवटी दगडासारखा होतो आणि दाबाने नवे सीलही गळू लागते. ऑइल ओतल्यावर पाइप आठ-दहा वेळा हळूहळू वर-खाली करून अडकलेली हवा काढायची, थोडे थांबायचे आणि मगच पातळी मोजायची. बहुतेक पुस्तकांत ही पातळी स्प्रिंग बाहेर काढून, पाइप पूर्ण खाली दाबून, वरच्या तोंडापासून मोजायला सांगितलेली असते.

दोन्ही पायांत पातळी सारखी हवी. मी गझल लिहिणारा माणूस. शेरातले दोन्ही मिसरे एकाच वजनाचे नसतील, तर ऐकणारा लगेच अडखळतो. गाडीचेही तसेच आहे. म्हणून सील एकाच बाजूचे गळत असले, तरी दोन्ही बाजूंची बदलावीत आणि ऑइलही दोन्हीकडे नवे भरावे. पाइप वर जिथे पकडीत बसतात, तिथे दोघांची उंची पट्टीने मोजून सारखी करावी.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. चाक बसवल्यावर सगळे बोल्ट एकदम करकचून आवळायचे नसतात. काही गाड्यांत ॲक्सल पकडून ठेवणारा एक बोल्ट एका पायाच्या तळाशी असतो. ॲक्सलचा नट आवळून तो बोल्ट मात्र ढिला ठेवायचा. मडगार्डचे बोल्टही ढिले ठेवायचे. मग गाडी स्टँडवरून उतरवून, पुढचा ब्रेक दाबून, हँडलवर पाच-सहा वेळा जोराने भार द्यायचा. दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर येतात. त्यानंतर बोल्ट आवळायचे. हे केले नाही, तर पाय एकमेकांकडे ओढलेले राहतात, पाइप अडखळत सरकतो आणि सील एका बाजूने झिजते.

शेवटी गाडी किती बसते ते पाहावे. पुढचे चाक अधांतरी असताना पाइपवर, डस्ट सीलला टेकवून, एक घट्ट दोरा बांधावा. गाडी खाली घेऊन, कुणाला तरी धरायला सांगून, नेहमीच्या वजनाने तीवर बसावे आणि अलगद उतरावे. चाक पुन्हा उचलल्यावर दोरा आणि डस्ट सील यांतले अंतर मोजावे. शॉकअपची पूर्ण चाल १२० मिलिमीटर असेल, तर हे अंतर ३० ते ४० मिलिमीटर, म्हणजे चालीच्या पाव ते एकतृतीयांश, असावे. बरेच जास्त भरले, तर स्प्रिंग थकली असण्याची शक्यता आहे. तिची लांबी पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहावी, आणि बदलायचीच झाली तर जोडीने बदलावी.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नये. काम करताना डिस्क ब्रेकचे पॅड मागे सरकलेले असू शकतात. अशा वेळी ब्रेकचा पहिला दांडा पोकळ जातो. गाडी हलवण्यापूर्वी तो कडक लागेपर्यंत दाबत राहावे. हँडल दोन्हीकडे मोकळे वळते का, एखादी केबल अडकत नाही ना, हेही बघून घ्यावे. पहिली चक्कर गल्लीतच, सावकाश मारावी. चार-आठ दिवसांनी पाइपवरून कोरडे फडके फिरवावे. फडके कोरडे राहिले, तर काम झाले असे समजावे.

या सगळ्याला फार तर अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. मेस्त्रीला हे बहुतेक वेळा ठाऊक असते. पण आपण काउंटरवर किल्ली वाजवत, ‘झालं का? झालं का?’ करत उभे राहतो, तेव्हा तोही हात आवरता घेतो. पुढच्या वेळी त्याच्या स्टुलावर निवांत बसा, त्याच्यासाठी चहा मागवा आणि त्याला हवा तेवढा वेळ द्या.