जनावरांची ओळख : डाग, गोंदण आणि कानातील बिल्ला

धाराशिव, म्हणजेच पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगावची गुरे गायरानात एकत्र चरतात. लाल कंधारी गाय सर्वांगाने तांबडी असते, तर उस्मानाबादी शेळी बहुधा काळी असते. अशा एकरंगी जनावरांत आपले कोणते, हे धन्याला चालीवरून, शिंगांवरून किंवा हंबरण्यावरूनही कळते. परंतु ही ओळख घरापुरतीच असते. बाजारात, कोंडवाड्यात, चारा छावणीत किंवा पंचनाम्याच्या वेळी तिला पुराव्याची किंमत नसते. परक्या माणसालाही पटेल अशी खूण जनावराच्या अंगावर आणि तिची नोंद दप्तरात, अशा दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

डाग देण्याची जुनी पद्धत

तापल्या लोखंडाने जनावरावर डाग देण्याची चाल फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गुरांवर देखरेख करणाऱ्या गोऽध्यक्षाची कर्तव्ये दिली आहेत. एक-दोन महिन्यांच्या वासरांना डाग द्यावा आणि डाग, अंगावरील उपजत खुणा, रंग व शिंगांची ठेवण यांची नोंद ठेवावी, असे तेथे सांगितले आहे. डागाबरोबर नोंदही हवी, हे त्या काळीही जाणले होते. पुढे अमेरिकेत कुंपण नसलेल्या विस्तीर्ण कुरणांवर अनेक मालकांचे कळप एकत्र चरत असल्याने तेथे प्रत्येक मालकाचा डाग सरकारी दप्तरात नोंदविण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे देवाच्या नावाने सोडलेल्या वळूवर त्रिशूळाचा डाग देण्याची परंपरा आहे.

तथापि या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत. जनावरास तीव्र वेदना होतात, जखमेवर माश्या बसून अळ्या पडण्याचा धोका असतो आणि कातड्याची किंमत उतरते. डाग अस्पष्ट झाल्यास किंवा त्यावर दुसरा डाग दिल्यास ओळख पटविणे कठीण होते. रोग बरा व्हावा म्हणून जनावरास डागणे ही तर निराळीच आणि सर्वस्वी हानिकारक समजूत होय. त्याने रोग हटत नाही आणि उपचाराचा वेळ मात्र निघून जातो.

गोंदण व थंड डाग

कानाच्या आतील बाजूस चिमट्याने अंक टोचून शाई भरतात, त्यास गोंदण म्हणतात. हे पुसले जात नाही. पण म्हशीच्या काळ्या कानावर ते नीट दिसत नाही आणि वाचण्यासाठी जनावर धरावे लागते. १९६६ साली अमेरिकेत थंड डागाची पद्धत निघाली. अतिशीत केलेला तांब्याचा ठसा कातडीवर टेकविला असता केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि त्या जागी पांढरे केस उगवतात. गडद रंगाच्या जनावरावर ही खूण उठून दिसते, परंतु तिला लागणारा द्रवरूप नायट्रोजन व कसबी माणूस ही सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची बाब आहे.

कानातील बिल्ला

म्हणूनच आज बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला प्रचलित झाला आहे. एक क्रमांक एकाच जनावरास दिला जातो. त्या क्रमांकावर मालक, जात, वय, लसीकरण, रेतन इत्यादींची नोंद भारत पशुधन प्रणालीत होते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली. शासकीय दवाखान्यातील सेवा तसेच नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का व वन्य प्राण्यांचा हल्ला यांत दगावलेल्या जनावरांची भरपाईही बिल्ल्याशी जोडण्यात आली.

याचे महत्त्व संकटात कळते. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम व परंडा तालुक्यांत महापूर आला आणि गोठ्यांतील जनावरे वाहून गेली. वाहून गेलेले जनावर कोणाचे, हे सांगायला जनावरच उरत नाही. अशा वेळी आधीची नोंद हाच आधार असतो. आपत्ती निवारणाच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीस ३७,५०० रुपये, बैलास ३२,००० रुपये, वासरास २०,००० रुपये आणि शेळी-मेंढीस ४,००० रुपये साहाय्य ठरविलेले आहे. लहान शेतकऱ्यास ही रक्कम थोडी नव्हे.

पशुपालकांनी घ्यावयाची दक्षता

१. बिल्ला कानाच्या मधोमध, दोन ठळक शिरांच्या मधल्या जागी, जाणकाराकडूनच मारून घ्यावा. कान व अवजार आधी जंतुनाशकाने पुसावे.

२. त्यानंतर काही दिवस कान रोज पाहावा. सूज, पू किंवा अळ्या दिसताच दवाखाना गाठावा.

३. क्रमांक वहीत टिपून ठेवावा आणि बिल्ल्यासह जनावराचे छायाचित्र काढून ठेवावे.

४. जनावर विकल्यास किंवा विकत घेतल्यास मालकीची नोंद त्वरित बदलून घ्यावी. नोंद जुन्याच मालकाच्या नावे राहिल्यास भरपाईच्या वेळी नव्या मालकाची अडचण होते.

५. बिल्ला गळून पडल्यास नवा मारून घेऊन जुना क्रमांक कळवावा. जनावर दगावल्यास तेही कळवावे.

बिल्लाही कापून काढता येतो, हे खरे. म्हणून शिंगे, रंग व अंगावरील पांढरे ठिपके या उपजत खुणाही वहीत लिहून ठेवाव्यात. डाग असो वा बिल्ला, त्यामागे अचूक नोंद असेल तरच त्याने मालकी सिद्ध होते. आणि ही नोंद अद्ययावत ठेवणे सर्वस्वी पशुपालकाच्या हाती आहे.