फडाचा हिशेब

पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव एरवी टोमॅटोच्या बाजारासाठी आणि द्राक्षांच्या बागांसाठी ओळखले जाते. गुढीपाडवा जवळ आला की मात्र इथे रस्त्याच्या कडेला राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर एकेका तमाशा फडमालकाच्या नावाचा मोठा फलक असतो. आत सतरंजी, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिटीची मंडळी गाड्या करून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा घेतात, भाव विचारतात. सौदा जमला की सुपारी, म्हणजे खेळाची रक्कम, ठरते, विसार दिला जातो आणि वहीत गावाचे नाव चढते. चैत्र-वैशाखातल्या जत्रांचा तमाशा असा ठरतो, म्हणूनच नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या तमाशा कलावंत विठाबाई या भाऊंच्याच कन्या.

राहुटीतल्या वहीच्या आकड्यांकडे नीट पाहिले, तर ढोलकीफडाचा तमाशा आज का दमला आहे हे कळते. तमाशाबद्दल लिहिताना आपण लावणीवर बोलतो, शृंगारावर बोलतो, फार तर कलावंतांच्या उपेक्षेवर हळहळतो. डिझेलवर कुणी बोलत नाही.

मोठा फड म्हणजे शंभर-सव्वाशे माणसांचा चालता संसार. नाचणाऱ्या बाया, गायिका, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावर उभा झीलकरी, प्रकाश-ध्वनी सांभाळणारी पोरे, ड्रायव्हर, स्वयंपाकी, आणि कनात-रंगमंच उभारणारे बिगारी. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततो. आज या गावात, उद्या साठ किलोमीटरवर. रात्रीचा खेळ संपला की सामान ट्रकमध्ये चढते आणि माणसे त्याच्यावर किंवा बसमध्ये झोपतात.

एका रात्रीचे डिझेल ढोबळमानाने मोजू. पाच गाड्या, साठ किलोमीटरचा प्रवास, लिटरला पाच किलोमीटर धरले तर 60 लिटर. जनरेटर पाच तास चालला आणि तासाला आठ लिटर प्यायला, तर आणखी 40. म्हणजे रात्रीला 100 लिटर. 2016 च्या सुरुवातीला महाराष्ट्रात डिझेल लिटरला 50 रुपयांच्या आसपास होते, 2022 पासून ते नव्वदीच्या घरात आहे. पाच हजारांचा खर्च नऊ हजारांवर गेला. हंगामात दीडशे रात्री धरल्या तर केवळ इंधनापोटी सहा लाख रुपये जास्त, आणि त्यात एकही नवा कलावंत आलेला नाही, एकही नवे गाणे बसलेले नाही. शंभर माणसांचे दोन वेळचे जेवण, गॅस, गाड्यांचे टायर आणि विमा, कपडेपट हे सगळे याच्यावर.

मग सुपारी वाढवावी, असे बाहेरच्याला वाटते. पण ही सुपारी गाव देते ते वर्गणीतून. घरटी पट्टी गोळा होते आणि तिच्यात पालखी, कुस्त्यांचा आखाडा, बैलगाडा, मांडव हे सगळे भागवायचे असते. कांद्याचा भाव पडला की पट्टी आखडते. राहुटीत बसलेल्या कमिटीचा पहिला प्रश्न असतो की गेल्या वर्षी एवढ्यात आला होतात, यंदा वाढ कशाची? मालकाची बाजू भक्कम असते ती एखाद्या तिथीपुरती. चैत्र वद्य अष्टमीला, म्हणजे कालाष्टमीला, अनेक गावांच्या यात्रा एकाच दिवशी येतात, तेव्हा फड कमी आणि गावे जास्त होतात; त्या रात्रीला भाव मिळतो. बाकीच्या रात्री फड गावापुढे नमतो, कारण रिकाम्या तारखेलाही शंभर माणसे जेवणारच असतात.

तिकिटावरच्या तमाशाची गत आणखी अवघड. कनात लावायची, जागेचे भाडे, परवानगी, जाहिरातीची गाडी, सगळा खर्च आधी, आणि रात्री अवकाळी पाऊस आला तर गल्ला शून्य. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटा बाद झाल्या तेव्हा हंगाम नुकताच सुरू झाला होता. रोखीवर चालणाऱ्या तंबूच्या खिडकीला तो फटका जबर बसला. त्यानंतरचा घाव थेट पाडव्यावरच पडला. 2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. पुढच्या वर्षी पाडवा 13 एप्रिलला आला आणि 14 तारखेच्या रात्री राज्यात कडक निर्बंध लागू झाले. जत्रांचे दोन हंगाम बुडाले, पण घेतलेले कर्ज बुडाले नाही.

या कर्जाचे मूळ उचल नावाच्या व्यवहारात आहे. पावसाळ्यात फड बंद असतो. कलावंताच्या घरी तेव्हाच मुलांची शाळा, आजारपण, घरावरचे पत्रे असे खर्च निघतात, आणि पुढच्या हंगामात याच फडात काम करीन या बोलीवर तो मालकाकडून रक्कम उचलतो. मालकाकडे तेव्हा पैसा नसतो, म्हणून तो खासगी सावकाराकडून व्याजाने काढतो. दसऱ्याला पहिला नारळ फुटतो तेव्हा फड आधीच कर्जात असतो. बँकेला तारण हवे. जुने ट्रक, फाटकी कनात आणि नामांकित सोंगाड्या हे तारण होत नाही. कलावंत उचल घेऊन दुसऱ्या फडात गेला तर भांडणे होतात, आणि राहिला तर हंगामभर फेडीतच राबतो. माझ्या मते तमाशाच्या आजच्या दुखण्यातले सर्वांत खोल दुखणे हेच.

या ताणाखाली कात्री कुठे लागते ते पाहण्यासारखे आहे. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, म्हणजे नाट्यकथा, हा तमाशाचा पूर्वापार क्रम. वगाला पात्रे लागतात, तालीम लागते, आणि रात्रीचे दीड-दोन तास लागतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन कडक केले आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. शेतातली कामे आटोपून, जेवून प्रेक्षक जमेपर्यंत नऊ वाजतात. त्यामुळे वेळही कमी आणि पैसाही कमी. वग आखडतो किंवा गळतो आणि त्याच्या जागी सिनेमातल्या गाण्यांची रांग येते.

वाद्यांचेही तेच. ढोलकीच्या डाव्या तोंडाला आतून लेप असतो, उजव्याला वरून शाई. रात्रीच्या दवाने कातडे सैल पडते, म्हणून वादक खेळ सुरू होण्याआधी पुन्हा पुन्हा थाप मारून सूर तपासतो, ताण वाढवतो. हलगी तर शेकोटीवर तापवूनच घ्यावी लागते. हे ज्ञान हातात यायला वर्षे जातात आणि तेवढी वर्षे शिकाऊ पोराला फडाने पोसावे लागते. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेतले की दोन माणसांत भागते. मालकाला दोष देता येत नाही, पण झीलकऱ्याची जागा एकदा मोडली की त्याचा मुलगा ड्रायव्हर होतो आणि पुन्हा तुणतुणे हातात घेत नाही.

राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय तमाशा फडांना पॅकेज अनुदान देते. ते हवेच आहे आणि वाढायलाही हवे. पण अनुदान खेळ झाल्यावरचे, आणि गरज असते खेळाच्या आधीची. शेतकऱ्याला पेरणीपूर्वी पीककर्ज मिळावे हे आपल्याला पटलेले आहे. फडाची पेरणी आषाढ-श्रावणात, उचल वाटताना होते. पाडव्याला नारायणगावात झालेले सुपारीचे करार कागदावर आणून त्यांची रीतसर नोंद ठेवली, तर मागच्या दोन-तीन हंगामांच्या नोंदी पाहून जिल्हा बँकेला किंवा पतसंस्थेला फडाची पत ठरवता येईल आणि हंगामी कर्ज देता येईल. वसुलीसाठी बँकेने राहुटीत माणूस बसवला तरी चालेल. विसाराची रक्कम तिथेच हातात येते. मालकाच्या डोक्यावरचे सावकारी व्याज निम्म्याने जरी उतरले, तरी त्या पैशात एक ढोलकीवाला आणि दोन शिकाऊ पोरे पोसता येतील, आणि निदान कालाष्टमीच्या गावांना तरी पूर्ण वग दाखवता येईल.