दिव्याच्या जागी पांढरा डाग

लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीचा फोटो मोबाईलने काढलात, आणि दिव्याच्या जागी नुसता पांढरा डाग! झालंय ना असं?

डिजिटल कॅमेऱ्यातले प्रकाश टिपणारे ठिपके म्हणजे पावसात मांडलेल्या बादल्याच. बादली भरली की संपलं, पुढचा उजेड मोजलाच जात नाही. फिल्मवर मात्र चांदीच्या क्षाराचे लहानमोठे कण असतात. मोठे लवकर, लहान उशिरा प्रकाश पकडतात. म्हणून उजेड हळूहळू पांढऱ्यात विरतो. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या ‘प्रभात’चे चित्रपट फिल्मवरच उतरले. एखादा पाहिलात तर दिव्यांच्या कडा नीट बघा हं!

आणि मोबाईलवर? दिव्यावर बोट टेकवा, उजेड कमी करा. गर्दी काळोखी दिसेल, पण ती नंतर थोडी उजळता येते. पांढऱ्या डागातून दिवा काही परत काढता येत नाही.