दीड मिलिमीटरचं भोक

सकाळी साडेसहा

आठवडाभर टूलरूममधली नोकरी, रविवारी क्लबच्या रेंजवर नेमबाजी आणि मधला शनिवार पितळाचा. ओहायोतल्या आमच्या गॅरेजमध्ये शनिवारची सकाळ उजाडते ती टेबलावर पुंगळ्या ओतून. रायफलची काडतुसं घरी पुन्हा भरणं हा अमेरिकेतल्या नेमबाजांचा जुना, रीतसर उद्योग आहे. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्रायमर, दारू आणि गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमरही संपतो. उरते ती पुंगळी, आणि निगा राखली तर ती पुन्हा पुन्हा भरता येते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा घराघरात लोकांनी ती .२२ रायफल टीव्हीवर पाहिली. तिच्या काडतुसाला वेगळा प्रायमर नसतो. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून ती पुंगळी एकदा वापरली की थेट भंगारात. माझं काम आहे सेंटरफायर काडतुसांचं. त्यांच्या बुडाच्या मधोमध प्रायमरचा कप्पा असतो आणि कप्प्यातून आत दारूकडे जाणारं एक भोक. प्रायमरची आग त्या भोकातून आत शिरते. त्याला सगळे फ्लॅश होल म्हणतात.

आजचं काम एवढंच की जुने, उडालेले प्रायमर त्याच भोकातून पिन घालून बाहेर ढकलायचे. याला डिकॅपिंग म्हणतात. ही पिन डाय नावाच्या साच्यात बसवलेली असते आणि डाय हाताने चालवायच्या प्रेसवर. पुष्कळ लोक हे काम डोळे मिटून उरकतात, कारण त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. मला मात्र सगळ्या कामातला हाच टप्पा सर्वांत जपून करावासा वाटतो.

सात

पहिला तास नुसता निवडण्याचा. प्रत्येक पुंगळीच्या बुडावरचा शिक्का वाचायचा आणि कंपनीनुसार ढीग करायचे.

आज सोबतीला क्लबातला एक तरुण आहे, मूळ पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. त्याने आपली पिशवी आणली आहे, ६.५ क्रीडमूरच्या पुंगळ्यांची. काही त्याच्या स्वतःच्या, काही रेंजवर इतरांनी टाकून दिलेल्या. हे काडतूस हॉर्नडीने २००७ मध्ये आणलं आणि त्यांच्या पुंगळीत मोठा रायफल प्रायमर बसतो. पुढे फिनलंडच्या लापुआने त्याच काडतुसाची पुंगळी लहान प्रायमरसाठी काढली. बाहेरून दोन्ही सारख्याच, एकाच रायफलमध्ये चालणाऱ्या. पण मोठ्या प्रायमरचा व्यास ५.३ मिलिमीटरच्या आसपास, तर लहानाचा ४.४५. खरी मेख त्याच्याही आत आहे. नेहमीच्या रायफल पुंगळीचं फ्लॅश होल साधारण २ मिलिमीटरचं असतं. लापुआच्या या पुंगळीचं फक्त १.५.

"काका, अर्ध्या मिलिमीटरने असं काय बिघडतं?" त्याने विचारलं.

"तुझ्या डायमधली पिन काढ आणि मोज," मी म्हटलं आणि मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला.

पिन १.७५ भरली. तो काही बोलला नाही. गेल्या आठवड्यात वाकलेली पिन त्याच्या खिशातच होती, ती त्याने निमूटपणे टेबलावर ठेवली.

निवडताना आणखी एक गोष्ट बघायची. टॉर्च घेऊन पुंगळीच्या तोंडातून आत डोकावायचं. मधोमध एकच भोक दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची, आपल्या कामाची. बाजूला दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन पद्धतीची, तिथे मधली पिन घुसूच शकत नाही. जोर केला तर पिन तुटणार. एडवर्ड बॉक्सर ब्रिटिश अधिकारी आणि हायरम बर्डन अमेरिकन, दोघांच्याही रचना १८६०च्या दशकातल्या. पुढे बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. पूर्व युरोपातून आलेल्या स्वस्त लष्करी काडतुसांत बर्डन प्रायमर हमखास सापडतो. लष्करी पुंगळ्यांचा ढीग मी वेगळाच ठेवतो, कारण त्यांत बॉक्सर प्रायमर असला तरी तो कडेने दाबून घट्ट केलेला असतो. त्याला जास्त जोर लागतो आणि बारीक पिन तो जोर सोसत नाही.

आठ

भोक मोजल्याशिवाय पिन ठरवायची नाही, असा माझा नियम आहे. अडचण अशी की प्रायमर बसलेला असताना भोक मोजता येत नाही. म्हणून प्रत्येक ढिगातल्या पहिल्या पुंगळीचा प्रायमर बारीक पिननेच काढायचा. बारीक पिन दोन्ही मापांच्या भोकांतून जाते, जाड पिन फक्त मोठ्यातून. मग बुडाकडून पिन गेज घालून बघायचं. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला ही सवय सोडता येत नाही. प्रायमर लहान आहे म्हणजे भोकही लहानच असेल, असं गृहीत धरायचं नाही. लहान प्रायमर आणि दोन मिलिमीटरचं भोक अशी पुंगळी काढणारेही आहेत.

गेजने उत्तर दिलं. लापुआच्या ढिगात १.५, बाकीच्यांत २ च्या आसपास.

माझ्याकडे डिकॅपिंगच्या दोन डाय आहेत. एकीत जाड पिन आणि दुसरीत १.४५ मिलिमीटरची. बारीक पिनवाल्या डायच्या माथ्यावर लाल रंग लावलेला आहे. या डाय फक्त प्रायमर काढण्यासाठी असतात. त्यांचा पुंगळीच्या भिंतीला स्पर्श होत नाही, त्यामुळे काजळी धरलेली पुंगळीही तशीच घातली तरी डायचं काही बिघडत नाही.

१.५ च्या भोकात १.४५ ची पिन. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जागा फक्त ०.०५ मिलिमीटर. इथे सेंटर चुकून चालत नाही. पिन धरणारा दांडा डायमध्ये पार घट्ट आवळला आणि तो केसभर तिरका बसला, तर पिन दर वेळी भोकाच्या कडेवरच आपटेल. म्हणून मी दांड्याचं नट पूर्ण आवळत नाही. खाली एक छोटी रबरी रिंग घालतो आणि दांड्याला किंचित हलायला वाव ठेवतो. मग पिन आपलं भोक आपण शोधते. नट आवळायच्या आधी एक पुंगळी वर नेऊन पिन भोकात जाऊ द्यायची आणि तशा स्थितीतच नट हलकं लावायचं.

नऊ ते बारा

हे तीन तास हाताचे.

पुंगळी प्रेसच्या शेल होल्डरमध्ये सरकवायची, हँडल खाली आणायचं, रॅम वर जातो. पिन भोकातून जाते तेव्हा हाताला काहीच कळत नाही, आणि तसंच व्हायला हवं. मग पिन प्रायमरला टेकते, थोडा विरोध जाणवतो, बारीक 'टक्' होतं आणि प्रायमर नळीतून खालच्या डब्यात पडतो. हा क्रम हाताला पाठ झाला की चूक लगेच कळते, कारण चुकीच्या वेळी विरोध लवकर येतो. पिन ज्या जागी प्रायमरला टेकायला हवी त्याच्या जरा आधीच हँडल अडतं. म्हणजे पिन भोकाच्या तोंडाशीच अडली आहे. त्या क्षणी हात थांबला पाहिजे.

त्या मुलाचा हात थांबत नव्हता. त्याच्या घरी हेच झालं होतं.

"पण काका, जोर लावला की निघत होता की प्रायमर."

"निघत होता ना. आता भोकाचं काय झालं ते बघ."

त्याने घरी जाड पिनने काढलेली एक पुंगळी मी भिंगाखाली धरली. कप्प्याच्या बाजूने भोक गोल राहिलेलं नव्हतं, एका अंगाला ओढल्यासारखं झालं होतं. पिनने आतलं पितळ रेटत पुढे आणलं होतं आणि त्याची पातळ वळलेली चकाकती कड भोकाच्या तोंडावर उभी होती. शेजारी न बिघडलेली पुंगळी ठेवली. तिचं भोक नितळ आणि वर्तुळाकार. दोन्ही त्याने बराच वेळ आलटून पालटून पाहिल्या. मी काही बोललो नाही.

भोक लहान ठेवण्यामागे कारणं आहेत. लहान प्रायमरमुळे कप्प्याच्या भोवती जास्त पितळ उरतं. त्यामुळे जास्त दाबातही कप्पा लवकर सैल होत नाही. आणि लहान प्रायमर, लहान भोक या जोडीने दारू दर वेळी जास्त सारखी पेटते, असा लांब पल्ल्याच्या नेमबाजांचा अनुभव आहे. हजार यार्डांवर गोळीच्या वेगातला थोडासा फरकही लक्ष्यावर वर-खाली दिसतो. लापुआने .३०८ ची पाल्मा पुंगळी याच हेतूने काढली, कारण पाल्मा स्पर्धा ८००, ९०० आणि १००० यार्डांवर खेळली जाते. त्याही आधी, १९७५ च्या सुमारास लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी .२२० रशियन पुंगळीवरून पीपीसी काडतुसं घडवली आणि शंभर यार्डांच्या बेंचरेस्ट स्पर्धांचं चित्रच पालटलं. तीही लहान प्रायमरची.

काही जण या कटकटीवर सोपा उपाय काढतात. रिमर घालून भोक मोठं करून टाकायचं, म्हणजे कुठलीही पिन चालेल. थंडीचं कारणही देतात, आणि ते कारण खोटं नाही. ओहायोच्या कडाक्याच्या थंडीत पेटायला जड असलेल्या दारूला लहान प्रायमर कधी कधी कमी पडतो. पण निव्वळ पिन जात नाही म्हणून पुंगळीला हात लावणं मला मान्य नाही. पिन दोन-चार डॉलरची असते. या पुंगळीसाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजले, ते त्या भोकाच्या सारखेपणासाठीच. ढिगातल्या निम्म्यांचं भोक मोठं केलं आणि निम्म्यांचं राहून गेलं तर तो सारखेपणा आपण आपल्या हाताने घालवला. बदलायचीच तर पिन बदलावी.

अकराच्या सुमारास पिन एकदा अडकली. भोकात गेली खरी, पण परत येताना पुंगळी सुटेना. अशा वेळी हँडलला हिसका द्यायचा नसतो. दांड्याचं नट सोडलं, पुंगळीसकट दांडा बाहेर काढला आणि हाताने हलकेच फिरवत पुंगळी सोडवली. पिनच्या टोकाला काजळीचा खडा चिकटला होता. पिन पुसली, काचेवर घरंगळवून सरळ आहे ना ते बघितलं आणि पुढचं काम सुरू केलं.

दुपारी बारा

"अहो, हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही," आतून आवाज येतोच, आणि तो योग्यच आहे. नेहमीच्या प्रायमरच्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं. उडालेल्या प्रायमरची ती करडी धूळ शिशाची असते. म्हणून गॅरेजच्या टेबलावर चहा नाही, बिस्किटं नाहीत, हातात पातळ हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. कपडे वेगळे धुवायचे. लहान मुलं असलेल्या घरात हे काम स्वयंपाकघरात कधीही करू नये.

आणखी एक शिस्त. डिकॅपिंगच्या दिवशी दारूचा डबा आणि नवे प्रायमर टेबलावर येत नाहीत, कपाटात बंद राहतात. ज्या लापुआ गावाच्या पुंगळ्या आज हातात आहेत, तिथल्या कारखान्याच्या काडतुसं भरण्याच्या विभागात १३ एप्रिल १९७६ रोजी स्फोट झाला आणि ४० माणसं गेली. त्यांत बहुतेक बायका होत्या. या कामाला हात घालणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं. न उडालेला प्रायमर पिनने काढायची वेळ आली, तर ते काम मी आजच्या ढिगात घेत नाही.

दोन

पुंगळ्या पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक काड्यांबरोबर फिरत्या पिंपात. यंत्र आपलं काम करतं, आपण फक्त वेळ बघायची. ओल्या सफाईत धूळ उडत नाही हा मोठा फायदा. पुंगळ्या नंतर सुकायला ठेवतो, त्यासाठी राखून ठेवलेल्या फळं सुकवायच्या यंत्रात.

साडेचार

सुकल्यावर प्रत्येक पुंगळी दिव्यासमोर धरायची. तोंडातून आत बघितलं की अंधारात एक प्रकाशाचा ठिपका दिसतो. दीड मिलिमीटरचा ठिपका खरोखरच एवढासा असतो, आणि स्टीलची एखादी काडी किंवा कसलाही कण त्यात अडकला तर तो अर्धा किंवा पूर्ण बुजतो. बुजलेली पुंगळी तशीच भरली तर प्रायमरची आग आत नीट पोचणार नाही. त्यामुळे इथे नमुन्याची तपासणी चालत नाही, एकूण एक बघायची. त्या मुलाने हे काम मागून घेतलं आणि मन लावून केलं. दोन पुंगळ्यांत काड्या सापडल्या, त्या त्याने चिमट्याने काढल्या.

सहा

कप्पे ब्रशने साफ केले. पुढच्या साइझिंगसाठी, म्हणजे पुंगळी पुन्हा मापात आणण्यासाठी, डाय बसवली आणि तिच्यातली पिन काढून ठेवली. प्रायमर निघालेलेच आहेत, तर त्या भोकात पुन्हा पिन घालायचं काही कारण नाही.

बिघडलेल्या पुंगळ्या त्याने पक्कडीने चेपून भंगाराच्या बादलीत टाकल्या, चुकून कुणी भरू नये म्हणून. उरलेल्या दोन डब्यांत भरल्या आणि लेबलं लिहायला बसला. कंपनी, किती वेळा भरल्या, प्रायमर लहान की मोठा. मी म्हटलं, भोकाचं माप आणि कुठली डाय तेही लिही. त्याने एका डब्यावर '२.०, साधी डाय' लिहिलं आणि दुसऱ्यावर लाल शाईने '१.५, लाल डाय'.