हिरवळीतील तण

मुलांनो, पहिला पाऊस पडला की शाळेचे आवार हिरवेगार होते. लांबून पाहिले तर सगळे गवतच वाटते. पण जवळ जाऊन नीट पाहा. त्या हिरव्या रंगात कितीतरी निरनिराळ्या वनस्पती दिसतील. काही आपण मुद्दाम लावलेल्या असतात, तर काही न बोलावता आलेल्या असतात. नको त्या जागी उगवणाऱ्या अशा वनस्पतींना 'तण' म्हणतात.

तण हिरवळीचे अन्न, पाणी आणि ऊन घेते. विषारी औषध फवारले की तण मरते, हे खरे. पण जेथे मुले अनवाणी खेळतात आणि पक्षी दाणे टिपतात, तेथे विष कशाला? शिवाय ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात किंवा विहिरीत जाऊ शकते. औषधाशिवायही तणाचा बंदोबस्त करता येतो. त्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात. हे तण कोणते? आणि ते कशापासून वाढते?

गाजर गवत तुम्ही नक्कीच पाहिले असेल. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी असतात आणि फुले बारीक व पांढरी असतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. आपल्या देशात ती १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसून आली. परदेशातून आणलेल्या धान्याबरोबर तिचे बी येथे आले, असे मानले जाते. आज ती देशभर पसरली आहे. तिच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. तिच्या परागांमुळे काहींना शिंका येतात, तर काहींना दम लागतो.

गाजर गवत फक्त बियांपासून वाढते. एक मोठे झाड हजारो बिया तयार करते. पण उगवल्यानंतर फुले यायला साधारण महिना-दीड महिना लागतो. तेवढा वेळ आपल्या हाती असतो. पाऊस पडून जमीन मऊ झाली की रोप मुळासकट सहज निघते. हातमोजे घाला, नाकावर रुमाल बांधा आणि काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवा. ज्यांना दम्याचा किंवा खाजेचा त्रास आहे, त्यांनी हे काम करू नये. फुले न आलेली रोपे खताच्या खड्ड्यात टाकता येतात. फुले आलेली झाडे मात्र खतात टाकू नका, नाहीतर खताबरोबर बीही सगळीकडे पसरेल.

या कामात निसर्गही मदत करतो. गाजर गवताची पाने खाणारा एक लहान भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोतून भारतात आणला गेला. तो पिकांना धोकादायक नाही ना, हे तपासून मगच त्याला मोकळे सोडण्यात आले. पावसाळ्यात गाजर गवतावर पिवळसर पांढरे, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले, तर त्यांना मारू नका. कुंपणाच्या कडेला टाकळ्याचे बी टाकले, तर टाकळा दाट वाढतो आणि गाजर गवताला जागाच देत नाही.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे. तो गवतासारखा दिसतो. पण त्याचा दांडा बोटांत धरून फिरवून पाहा. त्याला तीन कडा लागतील. त्याच्या मुळांना जमिनीखाली लहान लहान गाठी असतात. वरची पाने तोडली तरी गाठीतून नवा कोंब येतो. म्हणून खुरप्याने ओली माती उकरून गाठीसकट लव्हाळा काढावा. राहिलेल्या गाठींना कोंब फुटतील, तेही दर आठ-पंधरा दिवसांनी काढत राहावे. हळूहळू गाठीतले साठवलेले अन्न संपत जाते आणि लव्हाळा दुबळा होतो. येथे ताकदीपेक्षा सबुरी जास्त उपयोगी पडते.

तण काढल्यावर जागा मोकळी ठेवू नका. तेथे हरळीचे तुकडे लावा. हिरवळ दाट असली की तणाच्या बीला ऊन मिळत नाही. म्हणून गवत फार बुडापासून कापू नये. एका वेळी त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. काही लोक तणावर मिठाचे पाणी ओततात. तसे करू नका. मिठाने तण जळते, पण जमीनही खराब होते आणि मग तेथे गवतही नीट वाढत नाही.

गाजर गवताचे एक कोवळे रोप उपटायला क्षणभर पुरतो. तेच रोप फुलू दिले, तर पुढे त्याची शेकडो रोपे उपटावी लागतील. म्हणून या पावसाळ्यात आपल्या शाळेचे आवार, घराचे अंगण आणि गल्लीची कड नीट पाहा. गाजर गवत दिसले, तर घरातल्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसांना सोबत घ्या आणि ते फुलण्याच्या आत उपटून काढा.