पत्नीला उतरूं न देणारा कायदा

वर्ध्याहून पांच मैलांवर सेवाग्रामच्या आश्रमांत 'बा कुटी' नांवाची एक लहानशी मातीची कुटी आहे. ती पाहावयास जाणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल कीं, कस्तुरबांनीं पहिला तुरुंगवास पत्करला तो एका अनोळखी स्त्रीच्या प्रवेशावरून पेटलेल्या लढ्यांत.

ती स्त्री म्हणजे बाई मरियम. दक्षिण आफ्रिकेंत स्थायिक झालेल्या एका हिंदी मुसलमान गृहस्थाची ही पत्नी. तिला देशांत येण्याची परवानगी नाकारण्यांत आली आणि प्रकरण केपच्या न्यायालयांत गेलें. १४ मार्च १९१३ रोजीं न्यायमूर्ति सर्ल यांनीं निर्णय दिला कीं, ज्या धर्मांत एकाहून अधिक पत्नी करतां येतात, त्या धर्माप्रमाणें झालेला विवाह कायद्याच्या दृष्टीनें विवाहच नव्हे! याचा अर्थ इतकाच नव्हता कीं एका स्त्रीनें परत जावें. हिंदु काय किंवा मुसलमान काय, शेंकडों घरांतील गृहिणी एका क्षणांत 'पत्नी' या पदावरून खालीं उतरल्या व मुलांच्या वारसाहक्काचाहि प्रश्न उभा राहिला.

आतां कोणीहि विचारील, वरच्या न्यायालयांत अपील कां केलें नाहीं? गांधीजी स्वतः बॅरिस्टर. हा विचार त्यांच्या मंडळींनीं केला होताच. परंतु त्यांना असें वाटलें कीं, अपील करावयाचें तर तें सरकारनें करावें, निदान सरकारनें उघडपणें हिंदी लोकांची बाजू घ्यावी. एरवीं आपला विवाह खरा कीं खोटा हा प्रश्नच वादास मोकळा आहे, असें मान्य केल्यासारखें होईल. मला हा युक्तिवाद वकिली कमी आणि संसारी अधिक वाटतो. पण म्हणूनच तो घराघरांतील स्त्रियांना पटला. सरकारनें कांहींच केलें नाहीं. कस्तुरबा सप्टेंबरांत फिनिक्सच्या सोळा जणांच्या तुकडीबरोबर निघाल्या, फोक्सरस्ट येथें पकडल्या गेल्या व त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. डिसेंबरांत सुटल्या तेव्हां प्रकृति अगदींच खालावली होती.

१९१४ च्या कायद्यानें अखेर हिंदी विवाह मान्य झाले. प्रवेशासाठीं मात्र एकच पत्नी व तिचीं अज्ञान मुलें.

आज आपल्याकडील अनेक घरांतील मुलें परदेशीं संसार थाटून आहेत, म्हणून एवढें सांगतों. ब्रिटनमध्यें कौटुंबिक जीवनाच्या हक्कावरून केलेला अर्ज फेटाळला गेला, तर बहुधा स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करतां येतें. अर्जदार त्या देशांत असल्यास मुदत १४ दिवसांची, बाहेर असल्यास २८ दिवसांची. विवाहाचा दाखला, एकत्र राहिल्याचे कागद, मुलांच्या शाळेचे दाखले हे सगळें गोळा करावयाचें असतें. तेव्हां नकाराचें पत्र येतांच प्रथम त्यावरील तारीख पाहावी, आणि पत्राचा लिफाफाहि जपून ठेवावा.