त्सावोचे नरभक्षक आणि पडद्यावर हरवलेले मजूर

स्टीफन हॉपकिन्स यांनी दिग्दर्शित केलेला आणि विल्यम गोल्डमन यांनी लिहिलेला 'द घोस्ट अँड द डार्कनेस' हा १९९६ सालचा साहसपट, आजच्या केनियातील त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधला जात असताना १८९८ साली दोन सिंहांनी घातलेल्या थैमानावर आधारलेला आहे. मात्र ज्यांच्या जिवावर हे थैमान बेतले, ते हिंदुस्थानी मजूर या चित्रपटात पार्श्वभूमीची गर्दी होऊन उरतात, आणि त्याचा खरा दोष येथेच आहे.

मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जाणाऱ्या युगांडा रेल्वेचे काम १८९६ साली सुरू झाले, आणि त्यासाठी ब्रिटिशांनी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, करारावर नेले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तिकडेच मरण पावले. रोगराई आणि अपघात यांच्या तुलनेत सिंहांचे बळी थोडेच होते, पण रात्री तंबूतून माणूस ओढून नेला जाण्याची दहशत काही वेगळीच होती. छावणीभोवती काटेरी झुडपांची उंच कुंपणे (तिकडे त्यांना 'बोमा' म्हणत) घालूनही सिंह आत शिरत. पुलाचा अभियंता जॉन हेन्री पॅटरसन याचा जमादार उंगन सिंग असाच तंबूतून ओढून नेला गेला. अखेर डिसेंबरच्या प्रारंभी शेकडो मजुरांनी रुळांवर आडवे पडून गाडी थांबवली आणि तिच्यात चढून मोंबासाची वाट धरली. पॅटरसनने ९ आणि २९ डिसेंबरला एकेक सिंह मारला.

बळी किती, याचा वाद मात्र शंभर वर्षे चालला. पॅटरसनने १९०७ च्या पुस्तकात २८ हिंदुस्थानी मजूर मारले गेल्याचे नोंदवले असून आफ्रिकी बळींची मोजदादच झाली नसल्याचे म्हटले आहे. पुढे त्यानेच हा आकडा १३५ वर नेला. पंचवीस वर्षे जमिनीवर अंथरलेली सिंहांची कातडी त्याने १९२४ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमला विकली, आणि त्यामुळेच शास्त्रज्ञांना पुरावा हाती लागला. खाल्लेल्या अन्नानुसार हाडांतील व केसांतील कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वस्तुमानांच्या अणूंचे, प्रमाण बदलते. या कसोटीवर २००९ साली केलेल्या अभ्यासात दोन्ही सिंहांनी मिळून सुमारे ३५ माणसे खाल्ल्याचा अंदाज निघाला. त्यांतली सुमारे २४ एकट्या पहिल्या सिंहाने खाल्ली होती आणि त्याचा खालचा सुळा तुटून मुळाशी पू झालेला होता, त्यामुळे दाताच्या दुखण्याने तो सोप्या शिकारीकडे वळला असावा, हे अनुमान बळावते. शिवाय रिंडरपेस्ट, म्हणजे गुरांच्या बुळकांडीच्या साथीने त्या दशकात पूर्व आफ्रिकेतील रानम्हशींचे कळप ओस पडले होते.

चित्रपटाने या कारणांना जवळजवळ बगल दिली. त्याने रेमिंग्टन हा काल्पनिक गोरा शिकारी मायकेल डग्लसच्या रूपाने आणला, आणि त्सावोच्या आयाळ नसलेल्या नरांच्या जागी भरगच्च आयाळीचे सिंह उभे केले. ध्वनिसंस्करणासाठी त्याला ऑस्कर मिळाले, आणि ते रास्तही होते, कारण अंधारातल्या गवतातील चाहूल तो विलक्षण परिणामकारकतेने ऐकवतो. परंतु ओम पुरी यांच्यासारखा समर्थ नट अब्दुल्लाच्या भूमिकेत मिळूनही पटकथेने त्याला मजुरांच्या बाजूने बोलायला पुरेशी जागा दिली नाही.

वास्तविक मजुरांची बाजू नोंदलेली आहे. सिंह मारले गेल्यावर त्यांनी पॅटरसनला चांदीचे पात्र भेट दिले, आणि झेलम जिल्ह्यातील रोशन मिस्त्री याने या प्रसंगावर हिंदुस्थानीत दीर्घ कविता रचली, जिचा इंग्रजी अनुवाद पॅटरसनच्या पुस्तकात छापलेला आहे. त्सावोवर पुन्हा चित्रपट काढायचा झाल्यास भारतीय दिग्दर्शकांनी तो हाती घ्यावा, आणि कथा पॅटरसनच्या बंदुकीपासून नव्हे, तर रोशन मिस्त्रीच्या कवितेपासून सुरू करावी.